पकडलेल्या चाच्यांचं पुढे काय होतं?

भर समुद्रात गुन्हा घडला तर फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदवायची? जमिनीवर दोन पोलीस ठाण्यांच्या शिवेवरून मोटारसायकल चोरीला गेली, तरी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं. इथे तर जागा किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर, जहाजावर झेंडा माल्टाचा, मालक बल्गेरियाचे, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, आरोपी सोमालियाचे. आणि तरीही गेली पंचवीस वर्षं भारतात या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळालं आहे : यलो गेट.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला पी. डिमेलो रस्त्याच्या कडेने गोदीची भिंत जाते. आत शिरायचे दरवाजे रंगांवरून ओळखले जातात. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट. डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे, खाली कंटेनर वाहणारे ट्रेलर, आणि या सगळ्यात दरवाज्याचंच नाव घेतलेलं एक पोलीस ठाणं. गोदीतल्या मालाच्या चोऱ्या, डिझेलची तस्करी, बोटींचे अपघात, बुडालेल्यांची ओळख पटवणं ही इथली रोजची कामं. २३ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही विनाशिका मुंबईला लागली आणि नौदलाने तिच्यावरचे ३५ सोमाली चाचे पोलिसांच्या हवाली केले. कागदपत्रं सुरू झाली ती याच ठाण्याच्या दप्तरात.

त्याआधीचा आठवडा चित्रवाहिन्यांनी मनसोक्त दाखवला होता. ‘एमव्ही रुएन’ हे मालवाहू जहाज १४ डिसेंबर २०२३ रोजी चाच्यांनी पळवलं होतं. तीन महिन्यांनी ते पुन्हा सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघालं, या वेळी इतर जहाजांवर हल्ले करण्यासाठी तरता तळ म्हणून. ‘कोलकाता’ने त्याला गाठलं. चाच्यांनी नौदलाचं ड्रोन गोळ्या घालून पाडलं. मग जहाजाची सुकाणू यंत्रणा निकामी करण्यात आली, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसकट समुद्रात उतरवण्यात आले, आणि चाळीस तासांनी, १६ मार्चला, पस्तीसच्या पस्तीस चाचे शरण आले. ओलीस असलेल्या सतरा खलाशांपैकी एकाच्याही जिवाला धक्का लागला नाही. जगभर या कारवाईचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

कॅमेरे गोदीच्या दरवाज्याशी थांबतात. पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चाचे पकडण्यात आपलं नौदल तरबेज आहे. पकडलेल्यांवर कायद्याने गुन्हा शाबित करण्यात मात्र आपण वारंवार अडखळलो आहोत. हे अडखळणं समुद्रावर होत नाही. ते फोर्टातल्या न्यायालयात, दुभाष्याच्या खुर्चीपाशी, साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्यापाशी होतं.

सुरुवात १९९९च्या ‘अलोंड्रा रेनबो’पासून करायला हवी, कारण या विषयातलं बहुतेक शहाणपण आणि बहुतेक मनस्ताप त्या एका प्रकरणात आहे. जपानी मालकीचं, पनामाचा झेंडा लावलेलं हे जहाज २२ ऑक्टोबर १९९९ रोजी सुमात्रातल्या क्वाला तांजुंग बंदरातून सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमच्या लगडी घेऊन जपानकडे निघालं. बंदर सोडल्यावर काही तासांतच चाचे वर चढले. दोन जपानी आणि पंधरा फिलिपिनो अशा सतरा जणांना आधी दुसऱ्या जहाजावर डांबण्यात आलं आणि आठवड्याने हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर सोडून देण्यात आलं. ८ नोव्हेंबरला थायलंडच्या एका मच्छीमार बोटीला ते दिसले आणि वाचले.

जहाज मात्र गायब. रंग बदलला, नाव बदललं, काही माल मध्येच उतरवून विकून टाकला. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोचं क्वालालंपूरचं केंद्र सगळ्या जहाजांना वर्णन कळवत राहिलं. एका कुवेती तेलवाहू जहाजाला तशाच बांध्याचं जहाज पश्चिमेकडे जाताना दिसलं आणि त्याने ते कळवलं. आपल्या तटरक्षक दलाच्या विमानाने ते अरबी समुद्रात हेरलं. नाव होतं ‘मेगा रामा’, झेंडा बेलिझचा. बेलिझकडे विचारणा झाली, तर त्या नावाचं जहाज त्यांच्या नोंदीतच नव्हतं. तटरक्षक दलाची ‘ताराबाई’ पाठलागाला लागली. थांबायचा इशारा दिला, जहाज थांबेना. नाकासमोर गोळ्या झाडल्या, तरी थांबेना. शेवटी नौदलाची क्षेपणास्त्रवाहू ‘आयएनएस प्रहार’ आली आणि १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात आलं. तोवर आतल्या पंधरा इंडोनेशियन माणसांनी जहाजाला आग लावून ते बुडवायचा प्रयत्न सुरू केला होता. मुद्देमालच तळाला गेला की खटला कशाचा चालवणार, हे त्यांना बरोबर कळलेलं होतं.

नौदलाने जहाज वाचवलं, ओढत मुंबईला आणलं, माणसं यलो गेटच्या ताब्यात दिली. इथपर्यंत सगळं उत्तम. पण आरोप कोणता ठेवायचा? लॉर्ड मेकॉलेने ज्याचा मसुदा केला त्या भारतीय दंड संहितेत दरोडा होता, खून होता, अपहरण होतं. चाचेगिरी हा गुन्हा नव्हता. संहितेचं कलम ४ भारताबाहेरच्या गुन्ह्यांना लागू होतं, पण ते भारतीय नागरिकांनी केलेल्या किंवा भारतात नोंदलेल्या जहाजावर घडलेल्या गुन्ह्यांपुरतं. इथे ना माणसं भारतीय, ना जहाज. चाचे हे सगळ्या मानवजातीचे शत्रू, कोणत्याही देशाने धरावेत आणि शिक्षा द्यावी, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना नियम. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या १०५व्या अनुच्छेदात तो लिहिलेला आहे आणि भारताने तो करार १९९५ मध्येच स्वीकारला. पण करार स्वीकारला म्हणजे सत्र न्यायाधीशाच्या हातात कलम आलं असं नाही. ते संसदेने करून द्यावं लागतं, आणि संसदेने केलेलं नव्हतं. मग राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, वसाहतींतल्या न्यायालयांना समुद्रावरच्या गुन्ह्यांचा अधिकार देणारे ब्रिटिश कायदे धुंडाळण्यात आले आणि त्यांच्या आधाराने खटला उभा राहिला.

फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. चाचेगिरीबद्दल अलीकडच्या काळात अशी शिक्षा देणारा देश म्हणून भारताचं नाव झालं. एप्रिल २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली.

ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलं तर जुन्या सचिवालयातलं सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये फक्त विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर आहे. चाच्यांची शिक्षा एवढंच अंतर टिकली. आणि ज्या ‘प्रहार’ने ते जहाज पकडलं, ती पुढच्याच वर्षी, एप्रिल २००६ मध्ये, गोव्याजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण प्रकरण वाचताना दोन्ही एकापाठोपाठ समोर येतात आणि मन खट्टू होतं.

पकडलेल्या चाच्यांनी न्यायालयातून सुटून जावं, ही रीत मात्र जुनी आहे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मक्केहून सुरतेला परतणारं जहाज लुटलं. बादशहाचा संताप झाला, सुरतेतले इंग्रज व्यापारी कैदेत पडले, ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्याशी आलं. एव्हरी हाती लागलाच नाही. त्याच्या सहा माणसांवर १६९६ मध्ये लंडनला खटला भरण्यात आला. सरकारने सगळी ताकद लावली आणि पंचांनी आरोपींना निर्दोष ठरवलं! न्यायाधीश चवताळले. मग त्याच माणसांवर, एव्हरीने मुळात जे इंग्रज जहाज बंड करून पळवलं होतं त्याच्या चोरीचा दुसरा आरोप ठेवून त्यांना दुसऱ्या पंचांपुढे उभं करण्यात आलं आणि पाच जणांना फाशी देण्यात आली. गुन्हा हिंदुस्थानच्या समुद्रात, लुटले गेले ते हिंदुस्थानचे यात्रेकरू, आणि शिक्षा झाली ती इंग्रजांचं जहाज चोरल्याबद्दल. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीनशे वर्षांनी मुंबईत जवळजवळ तीच वापरावी लागली.

(कान्होजी आंग्र्यांचं नाव इथे निघणारच, म्हणून एकदाच सांगतो. छत्रपतींचा सरखेल, ज्याचे किल्ले आहेत, आरमार आहे, जो दस्तकं देतो आणि दस्तक नसलेलं जहाज अडवतो, त्याला चाचा म्हणणं ही मुंबईकर इंग्रजांची सोय होती. सागरी कायदा कराराच्या व्याख्येतही चाचेगिरी ही ‘खासगी हेतूने’ केलेलीच असावी लागते. त्या कसोटीवर कान्होजी कधीच बसत नाहीत. एव्हरी बसतो.)

२००८ पासून एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा सुळसुळाट झाला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून भारतीय युद्धनौका तिथे गस्तीला उभ्या राहू लागल्या. १८ नोव्हेंबर २००८ रोजी ‘आयएनएस तबर’ने चाच्यांची मोठी बोट बुडवल्याची बातमी आली. सगळीकडे आनंदीआनंद. आठवड्याभरात कळलं, की ती थायलंडची ‘एकावत नावा ५’ ही मच्छीमार बोट होती, चाच्यांनी पळवलेली. आणि तिच्यावर ओलीस खलाशी होते. सोळापैकी एक वाचला. बोटीवरून आपल्यावर हल्ल्याची तयारी दिसत होती, स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला, हे नौदलाचं म्हणणं. ते खोटं मानायचं कारण नाही. पण चाच्याच्या बोटीवर फक्त चाचेच असतात असं धरून चालता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. नंतरच्या कारवायांत नौदल आधी बोट थांबवतं, मग माणसं बाहेर काढतं, मग हत्यारं मोजतं. न्यायालयाला लागणारा पुरावा आणि ओलिसांचा जीव, दोन्ही याच सबुरीतून मिळतात.

२०११च्या पहिल्या तीन महिन्यांत अशी सबुरी चार वेळा कामी आली. जानेवारीच्या अखेरीस लक्षद्वीपजवळ ‘आयएनएस कनकारसो’ने ‘प्रांतलाय १४’ रोखली : पंधरा चाचे. आठवड्याने ‘आयएनएस तीर’ आणि तटरक्षक दलाच्या ‘समर’ने ‘प्रांतलाय ११’ धरली : अठ्ठावीस. मार्चच्या मध्याला ‘वेगा ५’ ही मोझांबिकची बोट, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे सहाशे सागरी मैलांवर : एकसष्ट. बोटीवर ठेवलेल्या इंधनाने पेट घेतला आणि माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या. चाचे आणि ओलीस, दोघांनाही नौदलाने पाण्यातूनच उचललं. मार्चच्या शेवटी इराणी ‘मोर्तझा’ : सोळा. बेरीज १२०. सगळे मुंबईला, सगळे यलो गेटला, आणि पुढे तळोजाच्या तुरुंगात.

इथे एव्हरीच्या खटल्यातली युक्ती उपयोगी पडली. सोमाली माणसाने थाई बोट पळवली, हा गुन्हा दंड संहितेच्या आवाक्यात येईना. १९८१च्या अधिसूचनेने संहितेचा अंमल दोनशे मैलांच्या आर्थिक क्षेत्रापर्यंत नेला होता, पण सहाशे मैलांवर तोही पोचत नव्हता. मात्र चाच्यांनी भारतीय युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या, हे पोचत होतं. म्हणून आरोपपत्रांचा कणा ठरला नौदलाच्या जवानांच्या खुनाचा प्रयत्न. सोबत खंडणीसाठी अपहरण, शस्त्र कायदा, बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा अशी जमतील ती कलमं. ज्या थाई आणि म्यानमारी खलाशांना दहा-दहा महिने बंदुकीच्या धाकाखाली राबवून घेतलं, त्यांच्यावरचा अन्याय खटल्यात दुय्यम ठरला. चाच्यांनी गोळीच झाडली नसती, नुसते हात वर केले असते, तर? हा प्रश्न तेव्हा वकिलांच्या खोलीत नक्की निघाला असणार.

पुढची अडचण भाषेची. फौजदारी खटल्यात आरोपीला त्याच्या भाषेत आरोप समजावून सांगावा लागतो. तो समजला नाही तर सगळी कार्यवाही कच्ची राहते. मुंबईच्या न्यायालयात गुजराती, तमिळ, बंगाली, नेपाळी दुभाषे मिळतात. सोमाली कुठून आणायचा? मग वयाचा प्रश्न. ‘वेगा ५’वरच्या एकसष्टांपैकी पंचवीस जण पंधरा वर्षांखालचे असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. जन्माचा दाखला कोणाकडेच नाही. ज्या देशात वीस वर्षं सरकारच धड नव्हतं, तिथे दाखला देणार कोण? आणि नाव? एकाच नावाची तीन-तीन माणसं, बापाचं आणि आजोबाचं नाव जोडून ओळखायची. पंचनाम्याच्या साच्यात हे काही बसत नाही.

जगात इतरत्र काय चाललं होतं, तेही पाहू. हॅम्बुर्गमध्ये दहा सोमालींवर खटला चालला तो जवळपास चारशे वर्षांनी तिथे झालेला पहिला चाचेगिरीचा खटला. २०१० मध्ये पकडलेल्यांना निकालासाठी २०१२च्या ऑक्टोबरची वाट पाहावी लागली, शिक्षा दोन ते सात वर्षं. ‘मर्स्क अलाबामा’ या अमेरिकी जहाजावर हल्ला करणारा अब्दुवली मुसे न्यूयॉर्कला नेला गेला आणि त्याला ३३ वर्षं ९ महिने मिळाले. बाकीच्या नौदलांनी पकडलेले चाचे केनिया आणि सेशेल्सच्या गळ्यात मारले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने मोंबासाच्या तुरुंगाची डागडुजी, दुभाषे, सरकारी वकिलांचं प्रशिक्षण असा भार उचलला. आणि तरी, २०११च्या जानेवारीत फ्रान्सचे जॅक लांग यांनी सुरक्षा परिषदेला दिलेल्या अहवालानुसार, पकडलेल्या दर दहा चाच्यांपैकी नऊ खटल्याविनाच सोडून दिले जात होते. बंदुका पाण्यात फेकायच्या, थोडं डिझेल द्यायचं, घरी जा म्हणायचं. त्याच महिन्यात भारताने पकडलेले पंधरा मुंबईला आणले. यातली जिद्द मोठी होती. तिची किंमतही मोठी होती आणि ती वेगळ्याच माणसांनी मोजली.

‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये चाच्यांनी पळवलं. पंधरा खलाशी, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये मालकांनी खंडणी भरली. चाच्यांनी पैसे मोजून घेतले, जहाज सोडलं, आठ खलाशी सोडले, आणि सात जणांना उतरवून किनाऱ्यावर नेलं. मुंबईच्या तुरुंगातली आमची माणसं सोडा, मग यांना सोडू. तोवर चाचेगिरी हा एक धंदा होता, क्रूर पण हिशेबी. पैसे पोचले की माणूस सुटतो, हा त्यातला पाळलेला शब्द होता. तो पहिल्यांदा मोडला गेला तो भारतीयांच्या बाबतीत, आणि कारण होतं यलो गेटचे गुन्हे. भारत सरकारने देवाणघेवाण केली नाही. हे सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. चार वर्षांहून अधिक काळ. ‘प्रांतलाय १२’, म्हणजे आपण सोडवलेल्या दोन बोटींची तिसरी बहीण, तिचे शेवटचे चार खलाशी तर २०१५च्या फेब्रुवारीत सुटले. त्यांना पाच वर्षं व्हायला दोन महिने कमी होते.

खलाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रत्नागिरी, रायगड, मालवण येतं. आता चित्र तसं राहिलेलं नाही. व्यापारी जहाजांवर पंजाब, हरियाणा, हिमाचल, उत्तराखंडची पोरं मोठ्या संख्येने असतात. ‘एमव्ही सुएझ’ हे इजिप्शियन मालकीचं जहाज २०१० मध्ये पळवलं गेलं तेव्हा त्यावर सहा भारतीय होते, आणि त्यांच्यासाठी सर्वांत जास्त आवाज उठला तो रोहतकहून. आयुष्यात समुद्र न पाहिलेल्या कुटुंबांनी मंत्र्यांच्या दारात बसून खंडणी, मालक, विमा, झेंडा हे शब्द शिकून घेतले. शेवटी पैसे जमवून खलाशी सोडवले ते एका पाकिस्तानी स्वयंसेवी संस्थेने, आणि परतीच्या वाटेवर, जून २०११ मध्ये, त्यांच्या सोबतीवरून ‘पीएनएस बाबर’ आणि ‘आयएनएस गोदावरी’ या दोन देशांच्या युद्धनौका एकमेकींना घासल्या. दोन्ही सरकारांनी एकमेकांना निषेधाचे खलिते पाठवले. खलाशांच्या घरच्यांना त्यात रस नव्हता.

तळोज्यातल्या कैद्यांचं काय झालं? खटले रखडले. वर्षं गेली. २०१७ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि विशेष न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी दिली. तोवर सहा वर्षं कच्चे कैदी म्हणून आत काढलेलीच होती. ती शिक्षेतून वजा झाली. कबुली देणं हा मायदेशी परतायचा सगळ्यांत जवळचा रस्ता होता, एवढं त्यांच्या वकिलांना समजत होतंच. म्हणजे १२० माणसांच्या या प्रकरणात पुराव्याची पूर्ण तपासणी होऊन, उलटतपासण्या होऊन, भारतीय कायदा चाचेगिरीबद्दल काय म्हणतो याचा निवाडा झालाच नाही. निकाल लागला, प्रश्न तसाच राहिला. मला विचाराल तर ‘अलोंड्रा रेनबो’तली सुटका आणि २०११च्या खटल्यांतली कबुली ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत.

औषध म्हणून कायदा यायचा होता. २०१२ मध्ये एक विधेयक आलं, लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. डिसेंबर २०१९ मध्ये दुसरं आलं, संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीकडे गेलं, २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांनी सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. चाचेगिरी हा पहिल्यांदाच भारतीय कायद्यातला गुन्हा झाला. जन्मठेपेपर्यंत कैद, कृत्यात कोणाचा जीव गेला किंवा घ्यायचा प्रयत्न झाला तर फाशी किंवा जन्मठेप, नुसत्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, सामील होणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत. आरोपी आणि जहाज कुठल्याही देशाचे असोत. खुल्या समुद्रात आर्थिक क्षेत्रही धरलेलं. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून केंद्राने ठराविक सत्र न्यायालयं नेमायची. बोटीवर हत्यारं सापडली आणि खलाशांवर बळजबरी झाल्याचा पुरावा असला, तर आपण चाचे नाही हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर.

फाशीचा भाग मूळ मसुद्यात याहून कडक होता : जीव घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. त्यावर आक्षेप आला तो १९८३च्या ‘मिठू विरुद्ध पंजाब सरकार’ या निवाड्याच्या आधाराने. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर त्याला फाशीच द्यायची असं सांगणारं दंड संहितेचं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने त्या निवाड्यात रद्द केलं होतं. न्यायाधीशाच्या हातून विवेकच काढून घेणारी शिक्षा घटनेत बसत नाही म्हणून. पंजाबातला खटला, समुद्राशी काडीचा संबंध नाही, आणि अरबी समुद्रातल्या चाच्याच्या गळ्याभोवतीचा फास त्याने सैल केला. अंतिम कायद्यात जन्मठेपेचा पर्याय आला. तरी फाशी कायद्यात आहेच, आणि ती ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. युरोपातले देश फाशीची शक्यता असेल तिथे आरोपी सोपवायला कां-कूं करतात, पुरावे द्यायलाही करतात. रुएनसारख्या प्रकरणात जहाजाचे मालक, कप्तान, कंपनीची कागदपत्रं युरोपात असतात. शिवाय किनाऱ्यावर भारतीय ओलीस असले तर मुंबईतल्या एका फाशीचा अर्थ त्यांच्यासाठी काय होईल, हे ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’नंतर वेगळं सांगायला नको.

कायदा हाती आल्यानंतरही वागण्यात एकवाक्यता दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘आयएनएस सुमित्रा’ने दीड दिवसात ‘इमान’ आणि ‘अल नईमी’ या दोन मच्छीमार बोटी सोडवल्या, सतरा इराणी आणि एकोणीस पाकिस्तानी खलाशी सुटले. त्या चाच्यांची हत्यारं काढून घेऊन त्यांना सोमालियाच्या दिशेने परत पाठवल्याच्या बातम्या होत्या. दोनच महिन्यांनी रुएनचे पस्तीस मात्र मुंबईला आणले. का? रुएन मोठं जहाज, गोळीबार झालेला, ड्रोन पाडलेलं, पुरावा भक्कम. मच्छीमार बोटीच्या बाबतीत गस्तीवरची एकुलती एक नौका दोन हजार किलोमीटर परत आणायची तर मागे समुद्र उघडा पडतो. दोन्ही निर्णयांची कारणं समजण्यासारखी आहेत. पण कोणाला आणायचं आणि कोणाला सोडायचं याचा नियम युद्धनौकेच्या कप्तानाच्या तारतम्यावर राहिला, तर उद्या बचावाचे वकील तोच प्रश्न विचारतील.

आणि रुएनच्या पाठोपाठचं प्रकरण तर याहून अवघड आहे. २९ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस सुमेधा’ आणि ‘आयएनएस त्रिशूल’ने इराणी झेंड्याची ‘अल-कंबर ७८६’ ही मच्छीमार बोट बारा तासांच्या कोंडीनंतर सोडवली. नऊ चाचे शरण आले. त्यांना ३ एप्रिलला मुंबईत पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं, नव्या कायद्याखाली कारवाईसाठी. बोटीवरचे तेवीस खलाशी पाकिस्तानी होते. भारतीय नौदलाने त्यांची वैद्यकीय तपासणी केली, बोट तपासली, आणि ती पुन्हा मासेमारीला जायला मोकळी केली. ‘भारत जिंदाबाद’ म्हणणाऱ्या त्या खलाशांची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली.

न्यायालयात चित्रफितीतली घोषणा उपयोगाची नाही. बोट कोणी पळवली, बंदूक कोणाच्या हातात होती, कोणी धमकावलं, हे सांगू शकणारे तेच तेवीस जण. नव्या कायद्यातलं ओझं आरोपीवर टाकायचं तरी आधी खलाशांवर बळजबरी झाल्याचा पुरावा लागतो, आणि तो त्यांच्याकडेच आहे. त्यांना समन्स कोणामार्फत बजावायचं, प्रवासाचा खर्च कोणी करायचा, समुद्रावर असलेला माणूस तारखेला हजर कसा करायचा, याबद्दल कायदा काही सांगत नाही. जहाज किनाऱ्याला लागण्याआधी, युद्धनौकेवरच दंडाधिकाऱ्यासमोर दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवून घ्यायची, आरोपीच्या वकिलाला तिथल्या तिथे उलटतपासणी करू द्यायची, अशी सोय करणं अशक्य नाही. उपग्रहाचं तंत्र नौदलाकडे आहे, पडद्यावरून साक्ष घ्यायला आपली न्यायालयंही सरावली आहेत. ते न करता आपण साक्षीदाराला परत समुद्रात सोडतो आणि मग वर्षभराने त्याला शोधायला निघतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. सुमेधाने सोडवलेल्यांपैकी एखाद्याला मुंबईला येऊन साक्ष द्यावीशी वाटली, तरी आता त्याने अर्ज कुठे करायचा?